मुलगे, मुली, शाळा आणि वाढीचं वय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक भेटायला येतात तेव्हा बोलण्याची सुरुवात बरेचदा "मुलगे असेच असतात ना?" नाहीतर "मुलींना गणित जडच जातं का हो?" अशी होते. गेली कित्येक वर्षं शिकवताना हे प्रश्न इतक्यांदा कानावर आले, की त्यांची उत्तरं एकदा आकड्यांसकट लिहून ठेवावीत असं वाटलं. माझं मत आधीच सांगून टाकते. मुलगे आणि मुली यांच्यात फरक आहेत, पण त्यातले बहुतेक लहान आहेत. ते वाढणार की विरणार हे बऱ्याच अंशी मोठ्यांच्या अपेक्षांवर ठरतं.

लिंग आणि लिंगभाव असे दोन शब्द कशाला?

लिंग शरीराचं असतं: गुणसूत्रं, संप्रेरकं, अवयव. लिंगभाव म्हणजे त्या शरीराभोवती समाजाने रचलेल्या अपेक्षा: कोणी रडायचं, कोणी यंत्र उघडून बघायचं, कोणी नीटनेटकं राहायचं. दोन्ही जन्मापासून एकत्र काम करत असल्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलात कुठला गुण कशातून आला हे सोडवून दाखवणं अवघड असतं. काही मुलांना या दोन चौकटींपैकी कुठलीच आपली वाटत नाही, किंवा जन्मावेळी दिलेली चौकट चुकीची वाटते. खाली मी मुलगे आणि मुली असं लिहिते, कारण बहुतेक मोजमापं तशीच झाली आहेत. त्या मुलांना विसरून नव्हे.

मुलग्यांचा आणि मुलींचा मेंदू वेगळा असतो का?

आकारात असतो. पुरुषांचा मेंदू सरासरीने दहा टक्क्यांच्या आसपास मोठा असतो, आणि शरीरही मोठं असतं. बुद्धीच्या चाचण्यांच्या सरासरीत मात्र हा फरक उतरत नाही.

वाढीचा वेगही सारखा नसतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात तीच मुलं पुन्हा पुन्हा स्कॅन केली गेली. मुलींच्या मेंदूचं एकूण आकारमान साधारण साडेदहाव्या वर्षी सर्वाधिक झालं, मुलग्यांचं साडेचौदाव्या. यावरून "मुलगे चार वर्षं मागे असतात" असा निष्कर्ष लोक काढतात. तो चुकीचा आहे. आकारमान शिगेला पोचणं म्हणजे मेंदू परिपक्व होणं नाही. त्यानंतर नको असलेल्या जोडण्यांची छाटणी आणि उरलेल्यांची मजबुती बरीच वर्षं, विशीच्या मध्यापर्यंत, चालू राहते.

तेल अवीव विद्यापीठातल्या डाफ्ना जोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १,४०० पेक्षा जास्त मेंदूंची चित्रं तपासली. सगळी वैशिष्ट्यं 'पुरुषी' टोकाला किंवा सगळी 'बायकी' टोकाला असलेले मेंदू फार थोडे निघाले. बहुतेकांत दोन्हींची सरमिसळ होती. यावर इतर संशोधकांनी दाखवून दिलं, की सगळी वैशिष्ट्यं एकत्र धरली तर मेंदू पुरुषाचा की स्त्रीचा हे संगणक बऱ्यापैकी अचूक ओळखतो. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात. पण पालकांना किंवा शिक्षकांना त्यातून एखाद्या मुलाला अमुकच पद्धतीने शिकवावं असा आदेश काही मिळत नाही. 'मुलग्यांच्या मेंदूसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या शिकवण्या मी म्हणूनच बाजूला ठेवते.

"सरासरी फरक" म्हणजे नेमकं काय?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

उंचीचं उदाहरण घेऊ. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या कितीही जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या, तर शंभरातल्या नव्वदच्या वर जोड्यांत पुरुष उंच निघतो. हा खरोखरचा मोठा फरक. आता मानसशास्त्रात 'लहान' समजला जाणारा फरक घ्या. त्यात शंभर जोड्या लावल्या तर सरासरीत पुढे असलेल्या गटातली व्यक्ती सरस ठरते छप्पन्न वेळा, आणि मागे असलेल्या गटातली चव्वेचाळीस वेळा. नाणेफेकीपेक्षा थोडंच जास्त.

जॅनेट शिबली हाइड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी २००५ मध्ये अशा फरकांवरच्या ४६ मोठ्या एकत्रित विश्लेषणांचा (म्हणजे अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या हिशेबांचा) आढावा घेतला. बुद्धी, भाषा, स्वभाव, आत्मविश्वास, शारीरिक कौशल्यं असं बरंच काही त्यात होतं. त्यातले ७८ टक्के फरक लहान किंवा जवळजवळ शून्य होते. मोठे निघाले ते चेंडू किती वेगाने आणि किती लांब फेकता येतो यासारख्या गोष्टींत.

म्हणून मुलींची सरासरी एखाद्या विषयात चार गुणांनी जास्त असली, तरी तुमच्या समोरच्या बाकावर बसलेल्या मुलाबद्दल तो आकडा जवळपास काहीच सांगत नाही. त्या मुलाची वही सांगते.

मुलींना गणित कमी जमतं, हे खरं का?

नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या दहा राज्यांतल्या दुसरी ते अकरावीच्या सुमारे ७० लाख विद्यार्थ्यांचे गणिताचे निकाल तपासले गेले, तेव्हा मुलगे आणि मुली यांच्यातला फरक जवळजवळ शून्य निघाला. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय पिसा चाचणी थोडं वेगळं दाखवते. २०२२ च्या फेरीत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांच्या सरासरीत मुलगे गणितात ९ गुणांनी पुढे होते. पण देशागणिक हा आकडा हलतो, आणि काही देशांत मुली पुढे असतात. शरीर सगळीकडे तेच असताना फरक सीमा ओलांडल्यावर उलटत असेल, तर कारण शरीराबाहेर शोधायला हवं.

याहून बोलकं उदाहरण अतिहुशार मुलांचं आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेरा वर्षांच्या आतल्या मुलांना कॉलेजप्रवेशाची गणिताची परीक्षा दिली गेली. त्यात ७०० च्या वर गुण मिळवणाऱ्यांत तेरा मुलग्यांमागे एक मुलगी होती. त्या काळी अनेकांनी हा निसर्गाचा निर्वाळा मानला. पुढच्या पाव शतकात हेच प्रमाण चारास एकच्या आसपास आलं. पंचवीस वर्षांत गुणसूत्रं बदलत नाहीत. मुलींना मिळणारी संधी, प्रोत्साहन आणि गणिताचे तास बदलतात.

मग धास्ती येते कुठून? २०१७ च्या एका प्रयोगात लहान मुलांना एका "खूप खूप हुशार" व्यक्तीची गोष्ट सांगितली आणि ती व्यक्ती यातली कोण असेल असं चित्रं दाखवून विचारलं. पाच वर्षांच्या मुली आणि मुलगे, दोघंही आपापल्या बाजूची व्यक्ती निवडत होते. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र बाईकडे कमी बोट दाखवू लागल्या. "खूप हुशार मुलांसाठीचा" म्हणून सांगितलेल्या खेळातूनही त्या अंग काढून घेऊ लागल्या. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ सुन्न होते. सहाव्या वर्षी मुलीला जेमतेम बेरीज-वजाबाकी येते, आणि इतक्यात तिच्या मनाने हे कुठूनतरी टिपलेलं असतं.

त्यातलं काही आपल्याकडूनच जातं. २०१० च्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या शिक्षिकांना स्वतःला गणिताची जितकी जास्त भीती, तितक्या त्यांच्या वर्गातल्या मुली वर्षअखेर गणितात मागे पडलेल्या दिसल्या. मुलग्यांवर तसा परिणाम नव्हता. "मला पण गणित कधी आलं नाही गं" हे आई किंवा बाई प्रेमाने, धीर द्यायला म्हणतात. ते वाक्य कृपा करून सोडून द्या.

आणि मुलगे वाचनात मागे का?

याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. पिसा २०१८ मध्ये ओईसीडी सरासरीत मुली वाचनात ३० गुणांनी पुढे होत्या, २०२२ मध्ये २४ गुणांनी. म्हणजे गणितातल्या मुलग्यांच्या आघाडीच्या दुपटीहून जास्त, आणि जवळपास प्रत्येक देशात.

भाषेत मुलींची सुरुवात थोडी लवकर होते, पण दोन वर्षांच्या मुलांच्या शब्दसंख्येत जो वेगवेगळेपणा दिसतो, त्यातला अगदी एक-दोन टक्केच वाटा लिंगाचा असतो. एवढ्याशा फटीची पुढे दरी होते ती सवयीने. मुलगे स्वतःच्या आनंदासाठी कमी वाचतात. पुस्तक घेऊन बसलेल्या मुलग्याला मित्र चिडवतात. घरातले पुरुष वाचताना दिसत नाहीत, म्हणून वाचन हे बायकांचं काम वाटू लागतं. शिवाय "वाचन" म्हणजे कथा-कादंबरीच असं आपण धरून बसतो. खेळाडूंचे आकडे, यंत्रांची माहितीपत्रकं, विनोदी चित्रकथा, अंतराळावरचे लेख हे सगळं वाचनच आहे.

दिलासा देणारी एक गोष्ट: ओईसीडीच्या प्रौढ कौशल्यांच्या पाहणीत १६ ते २९ वयोगटात वाचनातला हा फरक जवळजवळ मावळलेला दिसला होता. वाचायची गरज पडली की अनेक तरुण ते शिकून घेतात. पण तोवर ज्यांची शाळा सुटली, त्यांचं काय?

मुलींना शाळेत गुण चांगले मिळतात. मग विज्ञान-तंत्रज्ञानात त्या कमी का?

निरीक्षण बरोबर आहे. १९१४ ते २०११ एवढ्या काळातल्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये झालं. वर्गात मिळणाऱ्या गुणांत मुली सर्व विषयांत पुढे होत्या. भाषेत सर्वांत जास्त, गणितात सर्वांत कमी. तरीही युनेस्कोच्या २०१७ च्या अहवालानुसार जगभर उच्च शिक्षणात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित शिकणाऱ्यांत मुली ३५ टक्केच होत्या.

याचं एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. गणित चांगलं असलेल्या मुलींची भाषाही चांगली असण्याची शक्यता जास्त असते. २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं, की दोन्हींत उत्तम असलेले विद्यार्थी विज्ञानाकडे कमी वळतात, कारण त्यांच्यापुढे वाटा जास्त असतात. ज्याला फक्त गणित येतं, तो गणिताकडेच जातो. अशा मुलीने कायदा किंवा वैद्यक निवडलं तर ती "कमी पडली" असं म्हणणं अन्याय आहे.

पण निवड खरोखर मोकळी असते का, हाही प्रश्न आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात ४,८०७ मुलांना शास्त्रज्ञाचं चित्र काढायला सांगितलं होतं. बाई शास्त्रज्ञ काढली फक्त २८ जणांनी, आणि त्या सगळ्या मुलीच होत्या. पुढच्या दशकांत अमेरिकेतल्या अशा चित्रांत स्त्रियांचं प्रमाण चौथ्या हिश्श्यापर्यंत वाढलं. त्यातही लहान मुलं बायका जास्त काढतात, आणि वय वाढतं तशी पुरुषांची चित्रं वाढत जातात. गणितातला सर्वोच्च सन्मान मानलं जाणारं फील्ड्स पदक एका स्त्रीला पहिल्यांदा मिळालं ते २०१४ मध्ये, मरियम मिर्झाखानी यांना. दुसऱ्यांदा २०२२ मध्ये, मारिना व्याझोव्स्का यांना. ही दोन नावं वर्गात घ्या.

मुली लवकर वयात येतात. त्याचा अभ्यासावर परिणाम होतो का?

होतो, आणि फक्त मुलींवर नाही. मुलींमध्ये वयात येण्याची लक्षणं साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलग्यांत ९ ते १४. उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती मुलींची बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलग्यांची चौदाव्या. म्हणजे सहावी-सातवीच्या एकाच वर्गात काही मुली दिसायला तरुणी असतात आणि काही मुलगे अजून अगदी लहान. कठीण जातं ते दोन टोकांना: सगळ्यांच्या आधी वयात आलेल्या मुलीला आणि सगळ्यांच्या मागून येणाऱ्या मुलग्याला. दहा वर्षांची मुलगी चौदाची दिसली तरी दहाचीच असते. तिच्याकडून चौदाचा समजूतदारपणा मागू नका.

पाळीबद्दल पाळी येण्याआधी बोला, आणि मुलग्यांशीही बोला. शाळेत स्वच्छ, कडी लागणारं, पाणी असलेलं स्वच्छतागृह नसेल तर महिन्यातले काही दिवस बुडतात. त्याला अभ्यासातली नावड म्हणता येणार नाही. लोहाची गरजही वाढते. १४ ते १८ वयात मुलींना रोज सुमारे १५ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलग्यांना ११. सतत थकलेली, लक्ष नसलेली मुलगी "मनच लावत नाही" असं म्हणण्याआधी तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

झोपेचं घड्याळ दोघांचंही पुढे सरकतं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि रात्री लवकर डोळा लागत नाही. मुलग्यांत हे घड्याळ थोडं जास्त आणि थोडी जास्त वर्षं पुढे असतं. सकाळच्या पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा आळशीच असेल असं नाही.

मुलगे एका जागी बसत नाहीत. त्यांना वर्षभर उशिरा शाळेत घालावं का?

लहान वयात स्वतःला आवरण्याच्या क्षमतेत मुली सरासरीने पुढे दिसतात. गप्प बसणं, रांगेत थांबणं, वही नीट ठेवणं यालाच शाळा पहिली काही वर्षं हुशारी समजते. त्यात मुलग्यांचं नुकसान होतं, हे मी मान्य करते.

तरी सरसकट सगळ्या मुलग्यांना मागे ठेवणं मला पटत नाही, कारण सरासरीचं ओझं पुन्हा एकेकट्या मुलावर पडतं. मुलगा की मुलगी यापेक्षा मूल वर्गात वयाने सर्वांत लहान आहे का, हे आधी बघा. अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे, की वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना अतिचंचलतेचं (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं किंवा हालचाल न आवरणं) निदान जास्त वेळा होतं. दहा महिन्यांचा फरक आजार ठरतो! वेळापत्रकात हालचाल वाढवली तर मुलग्यांना सोपं जातं, आणि मुलींनाही.

अतिचंचलता, डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), स्वमग्नता (ऑटिझम) हे मुलग्यांचेच त्रास आहेत का?

निदान मुलग्यांत जास्त होतं, एवढं नक्की. अतिचंचलतेचं दोन-तीन पट, स्वमग्नतेचं तीन-चार पट. पण निदान होणं आणि त्रास असणं वेगळं. १९९० च्या एका अमेरिकन अभ्यासात शाळेने "वाचनात अडचण" म्हणून पाठवलेल्या मुलांत मुलगे खूप जास्त होते. संशोधकांनी त्याच शाळांतल्या सगळ्या मुलांची स्वतः चाचणी घेतली, तेव्हा अडचण असलेले मुलगे आणि मुली जवळपास सारखेच निघाले. मुलगे गोंधळ घालतात, म्हणून ते दिसतात.

मी स्वतः ही चूक केली आहे. एक मुलगी तीन वर्षं माझ्या वर्गात खिडकीबाहेर बघत बसायची. कधी त्रास नाही, उलट उत्तर नाही. मी तिला "स्वप्नाळू" म्हणायचे, कौतुकानेच. तिला लक्ष एकाग्र करण्याचा खरा त्रास होता हे कळलं तेव्हा ती शाळा सोडून गेली होती. आता शांत मुलीची वही मी जास्त वेळा उघडते.

मुलामुलींच्या शाळा वेगळ्या असाव्यात का?

अभ्यासाच्या कारणासाठी नाही. २०१४ मध्ये २१ देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं. घरची परिस्थिती, आधीची गुणवत्ता वगैरे लक्षात घेतलेल्या काटेकोर अभ्यासांत वेगळ्या शाळांचा फायदा जवळजवळ दिसला नाही. अशा शाळांचे निकाल चांगले दिसतात ते बरेचदा तिथे कोण प्रवेश घेतं यामुळे. सुरक्षिततेमुळे मुलगी फक्त मुलींच्याच शाळेत जाऊ शकत असेल तर गोष्ट वेगळी. शाळा न मिळण्यापेक्षा ती शाळा कधीही चांगली.

नैराश्य मुलींमध्ये जास्त असतं ना?

लहानपणी फारसा फरक नसतो. साधारण तेराव्या वर्षानंतर मुलींमध्ये नैराश्याचं प्रमाण मुलग्यांच्या दुपटीच्या आसपास जातं. शरीरावरच्या शेरेबाजीचा, छेडछाडीचा, एकच गोष्ट मनात घोळवत राहण्याचा त्यात हात असतो.

पण इथे मुलग्यांचा निरोप घेऊ नका. जगातल्या बहुसंख्य देशांत आत्महत्येने मरण पावणाऱ्यांत पुरुष आणि तरुण मुलगे जास्त असतात. मुलग्याचं दुःख रागाच्या, दारूच्या किंवा वाहन सुसाट पळवण्याच्या रूपात बाहेर येतं, आणि आपण त्याला शिक्षा करतो. "रडतोस काय मुलीसारखा" या एका वाक्यात दोघांचाही अपमान आहे. मूल मरणाबद्दल बोललं तर घाबरून विषय बदलू नका. थेट विचारा, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे न्या. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही.

खेळण्यांनी खरंच काही फरक पडतो?

पडतो. एखादी वस्तू मनातल्या मनात फिरवून दुसऱ्या बाजूने कशी दिसेल हे ओळखणं, या एका कौशल्यात मुलगे बऱ्यापैकी पुढे असतात. अभियांत्रिकीत ते उपयोगी पडतं. पण ते सरावाने वाढतं. २०१३ मध्ये २१७ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणाने हे पक्कं दाखवलं. ठोकळे, कोडी, नकाशे, घड्या घालून आकार करणं, स्क्रूड्रायव्हर हातात घेणं: हे मुलींना द्या. मुलग्यांना बाहुल्या आणि लहान भावंडांची देखभाल द्या. काळजी घेणंही सरावानेच येतं.

कौतुक कसं करावं?

प्रयत्नाचं. २०१३ च्या एका अभ्यासात एक ते तीन वर्षांच्या मुलांशी आईवडील घरात कसं बोलतात ते नोंदवलं गेलं. मुलग्यांच्या कौतुकातला जवळपास चौथा हिस्सा त्यांनी काय केलं, कसं केलं याबद्दल होता. मुलींच्या कौतुकात दहावा. ज्यांना असं कौतुक जास्त मिळालं, ती मुलं सात-आठ वर्षांची झाल्यावर अवघड कामाला जास्त तयार दिसली.

जगभरात आता शिक्षणात मागे कोण आहे, मुली की मुलगे?

कुठे बघता यावर आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या प्रौढांत जवळपास दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. तो जुन्या अन्यायाचा हिशेब आहे, आणि गरिबी, युद्ध, बालविवाह जिथे आहेत तिथे तो चालू आहे. दुसरीकडे, युनेस्कोच्या २०२२ च्या अहवालात शाळेबाहेर असलेल्यांत मुलगे १३ कोटी २० लाख, म्हणजे निम्म्याहून थोडे जास्त होते. त्यांत मजुरीला लागलेले आणि शाळेत रस उरलेला नसलेलेही आहेत. बहुसंख्य देशांत आता उच्च शिक्षणातही मुलींची संख्या जास्त आहे. एकाची बाजू घेतली की दुसऱ्याचा हक्क कमी होतो, असं नाही.

शिक्षकांनी उद्यापासून काय करावं?

एक आठवडाभर वहीच्या मागच्या पानावर खुणा करा: प्रश्न कोणाला विचारला, अवघड कोणाला आणि सोपा कोणाला, कोणाला मधेच तोडलं, फळा पुसायला कोणाला सांगितलं आणि टेबल उचलायला कोणाला. मी केलं तेव्हा खुणा बघून माझा चेहरा उतरला होता.

दुसरं म्हणजे थांबणं. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधक. त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांतल्या संभाषणाच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच वाट बघतात. ती तीन सेकंदांवर नेली की जास्त मुलं बोलतात, आणि एरवी न बोलणारीही बोलतात. प्रश्न विचारा आणि मनात एक, दोन, तीन मोजा. पहिला हात बहुतेक ओळखीचाच वर येईल. त्याला हसून थांबायला सांगा, आणि मागच्या बाकाकडे बघा.